देशमुखांची काचेची पेटी

मासे पाळणाऱ्यांच्या किश्श्यांना मरण नाही, मरतात ते मासे. रफिकभाईच्या शोभेचे मासे विकायच्या दुकानापुढं एक बाकडं आहे. आम्ही रिटायर्ड मंडळी रोज तिथं बसतो, कारण घरी कुणी बसू देत नाही. एका किश्श्यावर हसून होत नाही, तोवर दुसरा हातात पिशवी घेऊन दुकानात शिरतो.

आमचे देशमुख, मूळचे पाचोडचे. रिटायर झाले आणि शौक जडला. दुकानात येऊन म्हणाले, "तो निळ्या पट्ट्याचा, लाल शेपटीचा एक द्या."

रफिकभाई म्हणाला, "साब, ये टेट्रा है. अकेला नै रैता. झुंड में रैता."

"एकटा ठेवला तर काय व्हईल?"

"कोने में बैठता. खाना छोड देता. रंग उड जाता." मग त्यानं देशमुखांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "आपके जैसा हो जाता."

देशमुखांनी झुंड घेतली.

आता आपल्या गावात नळ येतो आठवड्यानं. अख्खं गाव ड्रममधलं शिळं पाणी पितं. रफिकभाईनं बजावलं होतं, की नळाचं ताजं पाणी माशांना चालत नाही, त्यात औषध असतं, दोन दिवस ठेवून मग घाला. घरात ड्रमच्या ड्रम शिळं पाणी भरलेलं. पण ह्या शहाण्यानं नळाच्या दिवसाची वाट पाहिली आणि पेटी ताज्या पाण्यानं भरली. सकाळी सगळे मासे उलटे.

मी विचारलं, "असं का केलं?"

"नवीन आलेल्यांना शिळं कसं द्यायचं?"

वहिनींनी त्याच दिवशी निकाल दिला. "दुसरे आणा, माझं काय बी म्हणणं नाय. पण त्यातला एक जरी मेला, तर पेटी माझी. गॅलरीत ठेवून पाणी भरीन."

देशमुखांनी दुसरी झुंड आणली, आणि तेव्हापासून त्यांचा जीव त्या पेटीत.

आमच्यातले जाधव रिटायर्ड हवालदार. देशमुखांचं पाहून त्यांनीही टेट्रे आणले. पण ते भित्रे वाटले, म्हणून संरक्षणाला एक मोठा एंजल मासा सोडला. टेट्रे रोज कमी व्हायला लागले. जाधवांनी मांजराला हाकललं, सुनेची चौकशी केली, शेजाऱ्याच्या पोराला दम भरला. एंजल इकडं फुगत चाललेला. त्याला जाधव स्वतःच्या हातानं खायला घालायचे. म्हणायचे, "हा एकटाच इमानदार निघाला."

ऐन उन्हाळ्यात लाइट गेली. पेटीतला हवेचा पंप बंद. देशमुख स्टुलावर चढून मगानं पेटीतलंच पाणी घेतात आणि वरून परत पेटीत सोडतात, दुपारभर तेच. माशांना हवा मिळावी म्हणून. घामानं निथळलेले. वहिनी शेजारीच पदरानं वारा घेत बसलेल्या.

मला म्हणाल्या, "भाऊजी, मी एवढी बाळंतपणं केली. ह्या माणसानं कधी वाऱ्याला पुठ्ठा हलवला नाय."

मासे मात्र जगले. देशमुख गल्लीत छाती काढून हिंडायला लागले.

मग एकदा नळाचा दिवस आला आणि नळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. ड्रम खडखडीत, टँकरचा पत्ता नाही. आणि नेमके तेव्हाच करमाडचे व्याही दारात. मी तिथंच बसलेलो. देशमुखांनी आत पाहून आवाज दिला, "चहा ठेवा." सवयीनं बोलून गेले, मग जीभ चावली.

तरी चहा आला. चांगला दाट, आलं घातलेला. व्याही घोट घेऊन म्हणाले, "बरंय बाबा तुमच्याकडं पाण्याचं. आमच्या घागरी पालथ्या पडल्यात."

देशमुखांची नजर कोपऱ्यात गेली. पेटी अर्धी रिकामी. टेट्र्यांची झुंड खाली वाळूला चिकटून उभी.

"अगं," देशमुख पेटीकडं बोट करून म्हणाले, "अगं, पण एक बी मेला नव्हता."

वहिनी म्हणाल्या, "म्हणून तर केला चहा. मेला असता तर त्या पाण्याचा केला असता का?"

व्याह्यांचा कप तोंडापाशीच थांबला. माझा संपला होता.