चहाच्या खोलीतले इमाम

ऑपरेशन थिएटरच्या चहाच्या खोलीत आम्ही कामापेक्षा वाट जास्त बघायचो. पेशंट वॉर्डातून येईपर्यंत, सर्जनचा फोन संपेपर्यंत. त्या रिकाम्या दहा-दहा मिनिटांत किस्से साठत जातात. २००८पासून चार वर्षं मी उत्तर डब्लिनमधल्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. तिथले बरेचसे किस्से विसरले. एका माणसाबद्दलचे मात्र राहिले, आणि तो माणूस वारून तेव्हाच वीसेक वर्षं झाली होती.

इराणच्या राजाला घालवून सत्तेवर आलेले ते वृद्ध धर्मगुरू. आमची फार्मासिस्ट झहरा त्यांना ‘इमाम’ म्हणायची. माझे सीनियर, डॉक्टर बेहरूझ, नुसतं ‘ते’ म्हणायचे. दोघंही इराणचेच.

*

बेहरूझ मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते तेव्हा ‘ते’ देशाबाहेर होते. त्यांची भाषणं कॅसेटवरून गुपचूप यायची. बेहरूझ दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून घरी कॉप्या काढायचे. वडील शिंपी. शेजाऱ्यांना भाषण ऐकू जाऊ नये म्हणून ते बाजूला बसून रिकामं मशीन चालवत राहायचे. मशीनची खडखड कॅसेटमध्येही उतरायची. पुढेपुढे गल्लीतले लोक मागताना म्हणायचे, “ती शिंप्याची कॅसेट द्या.”

आमच्या आयरिश सिस्टर बर्नीने विचारलं, त्या आवाजात एवढं होतं तरी काय?

“ते ओरडायचे नाहीत,” बेहरूझ म्हणाले. “हळू, एका सुरात बोलायचे. ऐकायला जवळ जावं लागायचं.”

*

‘ते’ परतले त्या दिवशी बेहरूझ रस्त्यावरच्या गर्दीत होते. बूट हरवला, तसेच एका बुटावर घरी आले आणि आनंदाने रडले. दीडेक वर्षाने विद्यापीठं बंद झाली. अभ्यासक्रम धर्माला धरून बदलायचे होते. वर्गातले दोघं तुरुंगात गेले. बेहरूझ डोंगर ओलांडून तुर्कस्तानात गेले आणि तिथून डब्लिनला आले. पुन्हा पहिल्या वर्षापासून डॉक्टरी शिकले.

“म्हणजे फसवलंच की तुम्हाला,” बर्नी म्हणाली.

बेहरूझनी कप धुतला, पुसला, प्रेसमध्ये ठेवला. डब्लिनमध्ये कपाटाला प्रेस म्हणतात.

“नाही. ते जे बोलले होते तेच त्यांनी केलं. आम्ही नीट ऐकलं नव्हतं.”

*

झहराचं सगळंच उलटं. वडील वीटभट्टीवर, अतिशय धार्मिक. राजाच्या काळात त्यांच्या लेखी कॉलेज म्हणजे निर्लज्जपणा. मोठ्या दोघी बहिणींची लग्नं पंधराव्या वर्षीच उरकली. क्रांतीनंतर डोकं झाकलेल्या बाया शिकवायला आल्या, तसे तेच वडील झहराला कॉलेजच्या फाटकापर्यंत सोडायला गेले.

“इमामांनी बायकांना घरात बसवलं असं सगळे सांगतात,” ती मला एकदा म्हणाली. “मला घराबाहेर कोणी काढलं, हे कुणीच विचारत नाही.”

*

इराणी नववर्षाला तिने आम्हाला ॲडम्सटाउन या उपनगरातल्या घरी जेवायला बोलावलं. दार उघडताच समोरच्या भिंतीवर इमामांचा फोटो. बेहरूझ उंबऱ्यातच थांबले, पायातले बूट काही काढेनात. मला वाटलं, आता परत फिरतात. तेवढ्यात त्यांना शेजारचा छोटा फोटो दिसला, लष्करी कपड्यांतला. हा कोण, त्यांनी विचारलं.

“मोठा भाऊ. लढाईवरून आला नाही.”

ते खाली वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागले.

*

२००९च्या उन्हाळ्यात निवडणुकीच्या निकालाविरुद्ध तेहरानचे रस्ते माणसांनी भरले. आमच्या खोलीतल्या टीव्हीवर रोज तेच. दोघांचं फारसीत काय वाजलं ते मला कळलं नाही, पण तीन आठवडे अबोला होता. औषधांचे निरोपसुद्धा माझ्यामार्फत.

एक दिवस बर्नीने स्वभावाप्रमाणे सरळ विचारून टाकलं. “ते एक सांगा मला. युअर मॅन, तुमचे ते दाढीवाले, चांगले होते की वाईट?”

“असं एका शब्दात विचारू नकोस,” दोघं एकदमच म्हणाले. मग एकमेकांकडे बघितलं. दुपारी झहराने औषधांचा फोन थेट बेहरूझना लावला.

*

पुढच्या वर्षी बेहरूझची आई तेहरानमध्ये वारली. त्यांना जाता येत नव्हतं. गेले असते तर परत येण्याची खात्री नव्हती. त्या दिवशी ते कामावर आले, ऑपरेशनच्या पूर्ण यादीला भूल दिली आणि घरी गेले.

झहरा त्या उन्हाळ्यात माहेरी निघाली होती. दर खेपेला ती एक दिवस इमामांच्या कबरीसाठी राखून ठेवायची. ती कबर तेहरानबाहेरच्या मोठ्या कब्रस्तानाशेजारीच. मैत्रिणींबरोबर बस ठरवून जायची, ते चुकवायची नाही. बेहरूझच्या आईला त्याच कब्रस्तानात पुरलं होतं. बेहरूझनी भाच्याकडून कबरीचा नंबर मागवला आणि चिठ्ठी तिच्यापुढे ठेवली.

जुलैमध्ये एका सकाळी, दोन केसच्या मधे, त्यांचा फोन वाजला. ते चेंजिंग रूमच्या बाकावर बसले आणि फोन कानाला लावून बोलत राहिले. वीस मिनिटं, अर्धा तास. मधे एकदाही ऐकायला थांबले नाहीत. मी सर्जनला सांगितलं, पुढची केस मी सुरू करते.

झहरा परत आल्यावर मी विचारलं, इतका वेळ काय बोलत होते?

“मला नाही माहीत. फोन त्यांच्या आईच्या कबरीवरच्या दगडावर ठेवून मी लांब जाऊन उभी राहिले.”

“आणि इमामांकडे गेलीस?”

ती ट्रेमधल्या सिरिंजांवर लेबलं लावत होती.

“तोवर मैत्रिणींची बस निघून गेली होती,” ती म्हणाली.