आबांच्या रायफलीवरच्या तीन खाचा

बंदुकीच्या दुकानात काय गर्दी असेल, असं लोकांना वाटतं. खरं सांगू? वर्षाला दोन-चार बंदुका हलल्या तरी डोक्यावरून पाणी! पण रिकामं दुकान आणि गरम चहा असला की माणसं बसतात, आणि माणसं बसली की किस्से साचतात. धुळ्यातलं हे दुकान वडिलांचं. ते गेल्यापासून मी चालवते. वीस वर्षं झाली, तरी अजून खेड्यावरचा माणूस दारात थबकतो आणि विचारतो, "मालक कोठे शेतस?" मी म्हणते, "मीच." मग तो बाहेर जाऊन पाटी परत वाचून येतो!

दुकानाचं कायमचं फर्निचर म्हणजे आमचे नाना. पोलीस खात्यात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. रिटायर झाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आमच्या बाकावर येऊन बसले, ते अजून बसलेलेच आहेत. गेल्या वर्षभरात आमच्याकडे जेवढे किस्से झाले, त्यातले निम्मे एकट्या सुपडू आबांच्या रायफलीचे. तेवढेच सांगते, बाकीचे सांगायला बसले तर दुकान बंद करायची वेळ होईल.

*

सुपडू आबा शिरपूरच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याचे शेतकरी. वय बहात्तर, धोतर, टोपी, आणि काखेत गोधडीत गुंडाळलेली लांबलचक वस्तू. असे ते पहिल्यांदा आले, एसटीनं.

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आबा, काठीचं लगेज पडेल."

"काठी नही भाऊ, रायफल शे. लायसनबी शे."

कंडक्टरनं लायसन वरपासून खालपर्यंत वाचलं, घडी घालून परत दिलं आणि लगेजचं नावच काढलं नाही. तीन सीटच्या बाकावरचे दोघं आपसूक उठून मागे गेले. "जिंदगीमा पहिल्यांदाव खिडकी भेटनी ताई!" आबा अगदी खुशीत सांगत होते.

रायफल तपासायला म्हणून मी रीतसर पावती करून ठेवून घेतली. संध्याकाळी आबा शिरपूरपर्यंत उभ्यानं गेले.

*

ही रायफल आबांच्या वडिलांनी पोलिसांच्या लिलावात घेतलेली. लायसन पीकसंरक्षणाचं. मी विचारलं, "आजवर किती डुकरं पळवली?"

"डुकरं रायफलले भीतस नही ताई. अक्कानी हाक आयकी का पळतस!"

अक्का म्हणजे आबांची बायको. आता तुम्हाला माहीतच आहे, निवडणूक लागली की लायसनची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. लोकसभा, विधानसभा, झेडपी, पंचायत समिती, ग्रामपंचायत. प्रत्येक वेळी आबा रायफल पुसून, तेल लावून ठाण्यात सोडून येतात, आणि घरी कोणी विचारलं तर सांगतात, "माहेरले गयी." बरोबरच आहे, पोलिसांचीच ती लेक!

एकदा लागोपाठ तीन निवडणुका आल्या. रायफल गेली ती गेलीच. रिकाम्या खुंटीकडे बघून अक्का फणकारल्या, "मी पन्नास वरीसमा इतलादाव माहेरले गऊ नही!"

*

पण आबा आले होते ते वेगळ्याच कारणासाठी. रायफलीच्या पुढच्या लाकडावर तीन खाचा आहेत. चाकूनं कोरलेल्या, आडव्या, एकीवर एक, मधे वीतभर अंतर. इतकी वर्षं कोणी त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. मग दसऱ्याला अक्कांचा भाचा आला. पोरगं मोबाइलवर पिक्चर बघून शहाणं झालेलं. म्हणालं, "मावशी, एक खाच म्हणजे एक मुडदा!"

झालं! त्या दसऱ्याला अक्कांनी विळ्याला हळदकुंकू वाहिलं, ट्रॅक्टरला वाहिलं, शिलाई मशीनला वाहिलं, मिक्सरलासुद्धा वाहिलं. रायफल सोडून दिली.

यात हसण्यासारखं खूप होतं, पण आबा हसत नव्हते. त्यांना आता नजर साथ देत नाही. सत्तरीनंतर हत्यार वारसाच्या नावावर करून देता येतं, तसं त्यांना करायचं होतं. मुलगा नरडाण्याला कंपनीत. तो म्हणाला, "मला तीन शिफ्ट आहेत, घरात रांगती पोर आहे, त्यात ही झंझट नको." उरल्या अक्का. आणि अक्कांचं एकच म्हणणं, "जिनी मानूस मारा, ती मना घरमा नको!" वारस नाही म्हणजे रायफल सरकारजमा, आणि सरकारजमा म्हणजे एक ना एक दिवस भट्टी.

"मना बापनी जिंदगीमा हौसथीन एकच वस्तू लिधी ताई," आबा म्हणाले आणि टोपीनं डोळे पुसायला लागले. "तुम्ही फक्त इतलं शोधी द्या. हिनी कोनले मारं का नही?"

नानांनी चहाचा कप बाजूला ठेवला. नाना चहाचा कप संपायच्या आत ठेवतात म्हणजे मामला गंभीर!

*

नानांनी रायफल टेबलावर घेतली, चष्मा लावला, आणि पाच मिनिटांत तिची कुंडली मांडली.

"ही मस्कट. दिसायला रायफल, पण नळी आतून गुळगुळीत. पोलिसांना मुद्दाम अशी करून द्यायचे. एका वेळी एकच काडतूस. बाहेरून पैलवान, आतून भजनी मंडळ!"

मग त्यांनी बॉडीवरचा नंबर वाचला, बोल्टवरचा, म्हणजे काडतूस आत सरकवणाऱ्या दांड्यावरचा, नंबर वाचला आणि मान हलवली. दोन्ही नंबर वेगळे! नाना म्हणाले, "साफसफाईच्या दिवशी सगळ्यांचे बोल्ट एका घमेल्यात रॉकेलमध्ये पडायचे. घाईत उचलला असेल कोणी दुसऱ्याचा. आबा, हिचा नवरा बदललाय."

आबांनी पटकन दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हाई अक्काले सांगू नका!"

*

भट्टीत जाण्यापेक्षा विकली तर किंमत काय येईल तेही बघू, म्हणून मी जळगावच्या एका डॉक्टरांना बोलावलं. दातांचे डॉक्टर. जुन्या बंदुकांचा शौक, लायसन वगैरे सगळं चोख. आले ते दात बघायचा छोटा आरसा घेऊनच! नळीत आरसा, चापाखाली आरसा. मला वाटलं, आता हिला चूळ भरायला सांगतात.

"नुसती मस्कट म्हणाल तर फार काही नाही," डॉक्टर म्हणाले. मग त्यांचा अंगठा खाचांवर गेला. "हे काय? तीन? अहो, मग भाव तिप्पट! फक्त एक करा, हिनं तीन माणसं मारल्याचं काहीतरी लेखी मिळवा."

नाना शांतपणे म्हणाले, "कोणाचं लेखी आणू? मेलेल्यांचं?"

बघा आता गंमत. ज्या खाचांनी रायफलीचा भाव वाढत होता, त्याच खाचांनी ती घराबाहेर निघत होती! मधल्या मधे आबा. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, भाव तिप्पट नको. एकबी मुडदा नको."

*

रायफलीच्या दस्त्यावर पितळेची बिल्ली आहे, तिच्यावर नंबर. नाना म्हणाले, "ज्यानं हा नंबर खांद्यावर वाहिला, तो स्वतःच्या मुलाची जन्मतारीख विसरेल, हा विसरणार नाही." त्यांनी बिल्लीचा फोटो काढला आणि रिटायर झालेल्या पोलिसांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "हे हत्यार कोणाकडे होते? तातडीने कळवावे."

पहिल्या तासात अकरा जणांनी "जय हिंद" पाठवलं. सात जणांनी गुलाबाचं फूल. एकानं विचारलं, हयातीचा दाखला कुठे द्यायचा. एकानं नानांचंच अभिनंदन केलं, कशाबद्दल ते त्यालाही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोन गट पडून मेडिकल बिलावरून भांडण पेटलं आणि आमचा फोटो वर कुठेतरी गडप झाला.

चौथ्या दिवशी एक व्हॉइस मेसेज आला. म्हातारा, थरथरता आवाज. आधी बराच वेळ नुसता खोकला, मग मागून कोणीतरी बाई म्हणते, "बोला दादा, चालू आहे." आणि मग:

"ती माझी आहे. चोरीला गेली होती काय?"

*

आवाज दामूदादांचा. वय शहाऐंशी, राहायला नरडाण्याजवळच्या खेड्यात, मुलीकडे. आबा म्हणाले, ते आणि नानाच जातील. पण अक्का ऐकतात थोड्याच? "मी सोता इचारसू!" म्हणून गाडीत सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. पुढच्या सीटवर! मी गाडी चालवत होते. मागे आबा, नाना आणि मधे रायफल.

दामूदादा ओट्यावर बाजेवर बसले होते. डोळ्यांनी जेमतेम दिसतं. नानांनी रिकामी रायफल त्यांच्या हातात दिली, आणि काय सांगू तुम्हाला! काठीशिवाय न उठणारा तो माणूस ताडकन उभा राहिला, दस्ता पायाशी टेकवला आणि सावधान! नानांचीही टाचेला टाच लागली. ते बघून आबा तर हात जोडूनच उभे राहिले.

अक्का मात्र मुद्द्यावर आल्या. "बाबा, देवले स्मरीसन खरं सांगा. हिनी कितला मानसं मारात?"

"माणसं?" दामूदादा गोंधळले. "अहो बाई, मी सगळी नोकरी सरकारी तिजोरीच्या पहाऱ्यावर काढली. मी पालसुद्धा मारली नाही!"

"मंग ह्या खाचा?"

म्हाताऱ्याचा अंगठा लाकडावरून सरकत गेला आणि खालच्या खाचेवर बरोब्बर थांबला. चेहरा असा काही उजळला की विचारू नका.

"ही ना? ही आमची पोरगी. पोलीस लाइनीत खोली होती. मी घरी येऊन बंदूक भिंतीला टेकवली, रिकामी बरं का, आणि ही रांगत आली, नळीला धरून पहिल्यांदा उभी राहिली. डोकं इथवर आलं, तिथं खाच केली. मधली तिसऱ्या वाढदिवसाची. वरची शाळेत नाव घातलं त्या दिवशीची."

नानांमधला आर्मरर जागा झाला. "दादा! सरकारी लाकडावर? भिंत नव्हती का?"

"भिंतीला दर दिवाळीला सरकारी चुना, साहेब. सगळं पुसून जायचं. बंदुकीला कोण चुना मारतंय?"

"आणि शाळेनंतरच्या खाचा?"

"लाकूड संपलं ना! वर सगळं लोखंड."

एवढ्यात मुलगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली. शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या बाई, केस पिकलेले. दामूदादांनी त्यांना शेजारी उभं केलं, रायफल उभी धरली आणि वरच्या खाचेपासून हातानं चाचपत चाचपत मुलीच्या खांद्यापर्यंत, मग डोक्यापर्यंत गेले.

"वाढली हो," ते आम्हाला म्हणाले.

बाईंनी अक्कांना कुंकू लावलं. अक्कांनी त्याच करंड्यात बोट बुडवलं आणि तिन्ही खाचांना एकेक बोट लावलं. आबा गाडीत जाऊन बसले होते. का ते आम्ही विचारलं नाही.

*

डॉक्टरांना मी फोन करून सगळं सांगितलं. ते हिरमुसले. "म्हणजे कोणीच मेलं नाही? मग भाव परत खाली." फोन स्पीकरवर होता. अक्का दुकानातच होत्या. त्यांनी फोनकडे वाकून सांगितलं, "डाक्टरसाहेब, आते भाव वर गया तरी इकानी नही!"

*

मग अक्कांच्या नावानं अर्ज झाला. चौकशीला लायसन देणाऱ्या साहेबांपुढे जायचं होतं. मी आणि नानांनी गाडीत अक्कांची तयारी करून घेतली. साहेब विचारतील, हत्यार कशासाठी पाहिजे? तेव्हा फक्त दोनच उत्तरं चालतात. एक, पीकसंरक्षण. दोन, आत्मसंरक्षण. नाना म्हणाले, "अक्का, तिसरं काही बोलायचं नाही, नाहीतर अर्ज नामंजूर." अक्कांनी शिरपूर फाट्यापासून धुळ्यापर्यंत "पीकसंरक्षण, पीकसंरक्षण" असं घोकलं. आबांना बाहेरच्या बाकावर बसवलं.

साहेब तरुण, चुणचुणीत. कागद बघितले, अक्कांकडे बघितलं, जरा हसले.

"बसा आजी. मुलगा नाही म्हणतो, आजोबांना दिसत नाही, आणि तुम्ही या वयात बंदूक घेता? बोला, कशासाठी पाहिजे?"

अक्कांनी पदर सावरला. माझ्याकडे बघितलं, नानांकडे बघितलं. मी ओठांनीच "पीक" म्हणाले. साहेबांनी लिहायला पेन उघडलं.

"मनी नात उभी राहाले लागनी, साहेब."