मुकादमिणीची रांग

मुकादमिणीला रिकामा हात पाहवत नसे. पाहुणा असो की पुढारी, आमच्या ओसरीवर जरा टेकला की त्याच्या पुढ्यात काहीतरी येऊन पडायचं. लसणाचे गड्डे, तुरीच्या शेंगा, निवडायची लाखोळीची डाळ. पोरीच्या लग्नानंतर जावई पहिल्यांदा घरी आले, तेव्हा मी त्यांना खुर्ची दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला. मुकादमिणीने पाणी दिलं, घरच्यांची खुशाली विचारली आणि शेंगांचं सूप सरळ त्यांच्या मांडीवर ठेवलं.

मी म्हणालो, "अवं, जावई हायेत ते."

"मंग? जावयाच्या हाताले काय मिशा असतात का?"

जावई हसले, पण शेंगा सोलल्या. तोंड माझंच उतरलं.

मुकादमीण म्हणजे माझी बायको. गावातल्या बायांची धान लावायची, म्हणजे रोवण्याची टोळी ती चालवायची, म्हणून गाव तिला मुकादमीण म्हणायचं आणि मीही तेच म्हणू लागलो. तिचं खरं नाव फक्त तिच्या माहेरचे घ्यायचे. ती गेली त्याला अजून वर्ष झालेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, गोड लिहिणं मला येत नाही. ती होती तशी लिहितो. आमच्याकडे बायाही 'आलो, गेलो'च म्हणतात, तेही तसंच ठेवतो.

बायांचीच बाजू घेणारी होती असं कोणी म्हणेल, तर ते चूक आहे. गावात ट्रॅक्टर आला, तशी मी बैलजोडी सानगडीच्या बाजारात विकली. त्या दिवशी पोरगा गोठ्यात जाऊन रडत बसला. चांगला मिसरूड फुटलेला पोरगा. मी ओरडलो, "मरद होऊन रडतो का बे?" मुकादमीण चुलीपासून उठून आली. म्हणाली, "रडू द्या त्याले. डोळे त्याचे हायेत, तुमी कायले राखण करून राहिले?" मग जाता जाता म्हणाली, "बाईले रडाची सूट अन् मरदाले आरडाची सूट. दोघाईले दोन्ही द्या, नाईतं कोणालेच देऊ नका."

शेजारच्या एका गड्याला अंतर्गळाचं दुखणं होतं. पण बाप्या माणसाने धानाचं पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचं, ही गावाची रीत. तो दात खाऊन उचलायचा आणि घरी येऊन पोट धरून पडायचा. मुकादमिणीने एकदा खळ्यावर त्याला पाहिलं आणि पोत्याचं दुसरं टोक स्वतः धरलं. तो लाजून म्हणाला, "वैनी, लोक पायतीन." ती म्हणाली, "पायू दे. लोक दवाखान्यात येतीन का तुह्यासंगं?" बायकी काम, गडी काम या भानगडीत बाई पिचते हे सगळ्यांना दिसतं. गडीही पिचतो, हे तिला दिसायचं.

पण तिला खरं ओळखायचं तर निळूचा रोवणा सांगितला पाहिजे.

आमच्याकडे धानाची रोपं आधी एका जागी वाढवतात. त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो. मग ते उपटून, पेंढ्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेताच्या तुकड्यात, चार-पाच रोपांची एकेक चूड लावत जायचं. तो रोवणा. चिखल गड्यांनी करायचा, पेंढ्या गड्यांनी वाहायच्या आणि लावायचं बायांनी. ओणवं होऊन, एका रांगेत, मागे मागे सरकत. गडी रांगेत उतरत नाही. कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण नाही उतरत. मुकादमिणीच्या टोळीचा कायदा सोपा होता. ज्या घरची बाई रांगेत, त्या घरचा रोवणा टोळी पाळीपाळीने करणार. ज्या घरची बाई नाही, त्या घराला पाळी नाही. यात कोणी कोणाच्या उपकारात नसायचं.

त्या साली निळूची बायको सविता ऐन रोवण्यात बाळंत झाली. पोट फाडून पोर काढलं. डॉक्टरांनी वाकायचं नाव घेऊ नको म्हणून सांगितलं. निळूला एकच बांधी आणि त्यावर घरचा वर्षाचा भात. पाऊस ओढ देऊन बसलेला. बांधीतलं पाणी रोज खाली जात होतं आणि पऱ्हे टोकाला पिवळे पडायला लागले होते. पऱ्हे जून झाले की ते लावून उपयोग नाही, त्यांना फुटवे येत नाहीत. बाहेरून मजूर आणावे तर त्या दिवसांत जो तो आपल्याच बांधीत.

निळू ओसरीवर आला. मुकादमिणीने त्याच्यापुढे लसूण टाकला. तो सोलत राहिला. गड्डा संपला तसा खाली मान घालूनच म्हणाला, "काकी, सवितेची जागा मी भरतो. मी येतो रांगेत."

मी म्हणालो, "येडा झाला का बे? गाव थुंकन तोंडावर."

मुकादमिणीने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "लावता येते का तुले?"

"शिकन."

"मंग सकाळी ये. पँट नको घालू, चिखल धरते."

तो गेल्यावर आमचं वाजलं. मी म्हणालो, टोळी फुटेल. बाया घरी बसतील, आपलीच बांधी पडीक राहील. ती म्हणाली, "फुटन तं फुटन. पण मले एक सांगा, त्याच्या घरी बाई निजली हाये म्हणून ते घर जेवत नाई का?" मी विडी पेटवली.

दुसऱ्या दिवशी निळू हाफपँटीत हजर. बांधी दाजिबाची होती, आणि त्याची बायको पर्बता टोळीतली सगळ्यात हुशार हाताची बाई. निळू चिखलात उतरला आणि रांग थांबली. बाया सरळ उभ्या राहिल्या, खोचलेली लुगडी सोडून पोटऱ्या झाकू लागल्या. पर्बता म्हणाली, "मुकादमीण बाई, आमी इथं गाणे म्हणतो, हसतो, नवऱ्याईच्या शिव्या काढतो. हा इथं असला तं आमी काय मुक्यानं रोवू? अन् वाकल्यावर मांगून हा पायन."

मी पेंढ्या वाहत होतो. मला वाटलं आता ही तिला झापणार. नाही झापलं. म्हणाली, "लाजेचं तुहं खरं हाये. निळ्या, तू धुऱ्याच्या कडेले उभा राय. तुह्या बाजूले मी. मान वर केली तं चिखलात तोंड खुपसीन." काही बाया हसल्या. काही नाही हसल्या. पण वाकल्या.

तेवढ्यात धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, गडी जमले. कोणीतरी मोबाईलवर निळूचा फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'टोळीतली नवी नवरी.' पानठेल्यावरचे सगळे उठून बांधीवर आले. कोणी शिट्टी मारली. कोणी म्हणालं, "निळाबाई, पदर घ्या!" निळूची मान चिखलाला टेकायची बाकी होती. तो एकच चूड पुन्हा पुन्हा लावत होता, ते मला धुऱ्यावरून दिसत होतं. तो आता बाहेर पडला असता तर पुन्हा कधी उतरला नसता, आणि त्याचे पऱ्हे तिथेच वाळले असते.

दाजिबा पुढे आला. बांधी त्याची, त्यामुळे आवाजही त्याचाच मोठा. "पर्बते, वर ये. माही बाई मरदाच्या रांगेत रायणार नाई."

आणखी दोघांनी आपल्या बायांना हाका मारल्या. एक बाई तर निघालीही, पाय धुऱ्यावर टाकला तिने. बाकीच्या मुकादमिणीकडे पाहू लागल्या. पाऊस नाही, वारा नाही, ऊन चिखलावर नुसतं चकाकत होतं.

मुकादमीण कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "दाजिबा भाऊ, नेता तं न्या. पण तिच्या जागी तुमी उतरा. जागा घराची हाये, लुगड्याची नाई. निळूच्या घरून निळू आला. तुमच्या घरून कोण येते, तुमी का पर्बता? कोणी नाई आलं, तं हा रोवणा इथंच थांबते."

"मले शिकवते का तू?"

"नाई बाप्पा. विचारून राहिलो."

दाजिबा बांधावरून खाली झेप घेईल असं वाटलं. माझ्या खांद्यावर पेंढ्यांची कावड होती. मुकादमिणीने माझ्याकडे एकदा पाहिलं. बोलली काही नाही. ती बोलली असती तर मी अडून बसलो असतो, ते तिला पक्कं ठाऊक होतं. मी कावड खाली ठेवली, धोतर वर खोचलं आणि निळूच्या पलीकडे जाऊन वाकलो. आयुष्यभर तो चिखल मीच करत आलो, पण त्यात वाकून चूड लावायला कमरेचं काय होतं ते त्या दिवशी कळलं.

धुऱ्यावर हसू फुटलं. "बुढाही गेला!" मग ते हसू हळूहळू विझलं, कारण खाली कोणीच हसत नव्हतं. पर्बता हातात पेंढी घेऊन अजून तशीच उभी. ती नवऱ्याला म्हणाली, "मी आलो वर. पण मंग रायलेली बांधी कोण लावन? तुमी तं लुगडं पायलं, पऱ्हे नाई पायले. पिवळे पडून राहिले ते." आणि उत्तराची वाट न पाहता ती वाकली. धुऱ्यावर पाय टाकलेली बाई पुन्हा चिखलात आली. थोड्या वेळाने रांग मागे सरकू लागली. गाणं मात्र त्या दिवशी कोणी म्हटलं नाही.

माझी रांग वाकडी जात होती. मुकादमीण ओरडली, "सरळ लावा! धान हाये का सापाची वाट?" तेव्हा पहिल्यांदा निळू हसला.

त्याची पाळी आली तेव्हा बांधीत पाणी घोट्याखाली होतं. पण रोवणा झाला. धान बेताचंच झालं, पण झालं. रोवणा संपल्यावर मालक टोळीला जेवण देतो, त्याला आमच्याकडे भोजारा म्हणतात. निळूने स्वतः रांधलं. भात, वडे, वांग्याची भाजी. रीतीप्रमाणे गड्यांची पंगत आधी बसू लागली, तर मुकादमिणीने वाढपाची बादली दाजिबाच्या हातात दिली. "वाकून ज्याची कमर गेली तो आधी बसन. तुमचा हात रिकामा दिसला मले." दाजिबा चडफडला. पण पर्बता पानावर बसलेली होती आणि त्याच्याचकडे पाहत होती. त्याने वाढलं. भाजी सांडली, तरी वाढलं.

पुढे निळूसारखा आणखी कोणी कधी रांगेत येई, कधी न येई. गाव काही बदलून गेलं नाही. टोमणे चालूच राहिले. मुकादमिणीने त्यांचा कधी हिशेब ठेवला नाही. गेल्या थंडीत तिला ताप भरला आणि तो उतरलाच नाही. दवाखान्यातल्या खाटेवरही तिने माझा रिकामा हात पाहिला आणि स्वतःचा त्यात ठेवला. म्हणाली, "धरा. कायले बसले तसे?" मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो. पोरगा खांद्यावर हात ठेवून उभा राहिला, गप्प बसा असं कोणी म्हटलं नाही.

यंदा रोवणा आला. पोरगा नागपुरात नोकरीला, सून तिकडेच. माझ्या घरात बाई नाही. बाई नाही म्हणजे जागा नाही, जागा नाही म्हणजे पाळी नाही. जुन्या कायद्याने माझी बांधी पडीकच राहायची. टोळी आता सविता चालवते. सकाळी ती दारात आली आणि म्हणाली, "बाबाजी, तुमच्या घरची जागा खाली हाये. येता का?"

काही लोक म्हणतात, मुकादमिणीने ती जागा तुझ्यासाठीच करून ठेवली होती. खोटं आहे. तिने ती निळूसाठी केली. मला आयती मिळाली.

मी उतरलो. माझ्या एका बाजूला सविता, दुसऱ्या बाजूला निळू. दाजिबा अजूनही धुऱ्यावरच असतो, पण आता पेंढ्या फेकतो, आणि माझ्या हाताशी पडतील अशा फेकतो. बाया वाकल्या. ज्या जागी ती पहिली चूड लावायची, तिथे मी नुसता उभा होतो. पाणी घोट्याभोवती कोमट लागत होतं.

सविताने एक पेंढी उचलून माझ्या हातात दिली.

"बाबाजी," ती म्हणाली, "हात रिकामा काहून ठेवला?"