बाणाचा वेग वाढवला, आणि मामा उसात होते

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते गेल्या रविवारी कळलं... तेही आमच्याच वडगाव रासाईच्या शेतात.

मी कंपाउंड बो मारते, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य. जिल्ह्याची निवड तोंडावर आलीये आणि जरा वारा सुटला की माझे बाण भरकटतात. वेग कमी पडतोय, असं मनानं घेतलं.

मग बसले की पाना घेऊन! नुसता हलका बाण लावला तर वेग वाढतो, पण जोर वाढत नाही, वारा त्याला आणखीच ढकलतो. म्हणून बाण तेच ठेवले आणि वरचा-खालचा बोल्ट सारखाच आवळत धनुष्याची ओढ, म्हणजे दोरी खेचायला लागणारी ताकद, वाढवली, नियमात बसेल एवढीच. कागद ताणून त्यातून बाण मारला, छिद्र अगदी सरळ पडलं, म्हणजे बाण तिरका सुटत नव्हता. मी जाम खूश... स्वतःचीच पाठ थोपटली हो!

सगळं तपासलं, फक्त ज्यावर नेम धरते ते पोतं तपासलं नाही. चिंध्या ठासून भरलेलं ते पोतं बुटक्या बांधावर उभं असतं, त्याच्या मागं ऊस. रोज मधोमध मारून मारून आतल्या चिंध्यांचा पार भुगा झाला होता. जुन्या वेगाचा बाण कसाबसा अडकायचा, एवढंच.

सराव असला की पायवाटेवर लाल टॉवेल बांधायचा, मग उसात कुणी जायचं नाही, असा आमच्या घरचा नियम. टॉवेल बांधला, बाण लावला, ओढला, सोडला... पोत्यात रुतल्याचा आवाज आलाच नाही. मागं उसाची पानं तेवढी हलली.

आणि तेव्हा कुठं माझ्या कानात शिरलं, की मोटर चालू आहे.

शेतीची लाईट त्या दिवशी वेळेआधीच आली होती. आणि लाईट आली की माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणते, जेवत असले तरी ताट सोडून पळतात. विहिरीच्या बाजूनं ते उसाला पाणी द्यायला शिरले असणार... तिकडं कुठला आलाय टॉवेल!

“मामा! ओ मामा!” त्यांना कमी ऐकू येतं हे माहीत होतं, तरी जीव राहीना. धनुष्य टाकलं आणि धावले. पानांनी तोंड कापत होतं, एक चप्पल चिखलात राहिली... पुढं सरीत त्यांचं खोरं पडलेलं दिसलं, आणि मामा नव्हते. देवा, काय केलं मी हे!

मग पलीकडून खोकला ऐकू आला. मामा चिखलानं भरलेले हात झटकत येत होते. पुढं सरी फुटून पाणी सुटलं म्हणून घाईत खोरं तिथंच टाकून हातानंच बुजवायला पळाले होते. त्यांनी खाली बघितलं, खोऱ्याशेजारी पिसांपर्यंत रुतलेला बाण उपटला आणि माझ्यासमोर धरला.

“हितंच उभा हुतो की गं पोरी मी,” एवढंच म्हणाले.

मी तिथंच पाण्यात फतकल मारून बसले आणि मोठ्यानं रडले. ते धोतराला हात पुसत म्हणाले, “ऊठ. काय झालं न्हाई मला. ऊठ आधी.”

धनुष्याला पुन्हा हात लावायचा नाही, असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मामांनी पोतं उसवून त्यात जुनी घोंगडी कोंबलेली, मागं मातीच्या गोण्यांची थप्पी छातीइतकी रचलेली... आणि मला हाका मारतायत. धनुष्य उचललं, पण बाण न लावताच खाली घेतलं. डोळ्यांपुढं सारखं ते खोरं.

“मी हितं हाय, तुझ्या मागं,” मामा म्हणाले. “तू फुडं बघ.”

आता रोज ते माझ्या मागं खुर्ची टाकून बसतात. मी वळून त्यांना बघते, मगच बाण लावते. निवडीचं काय व्हायचं ते होवो... मागं वळल्यावर मामा दिसतात, त्यातच मला सगळं मिळालं.