मामांचं टेस्टिंगचं गाणं

सातपूरचे स्पीकरवाले मामा माइक तपासताना "हॅलो, हॅलो" कधीच म्हणाले नाहीत. ते गाणं लावत. एकच. नव्वदच्या दशकात आलेलं, नुसता दणदणाट आणि अर्थाच्या नावाने शंख असलेलं नाचाचं गाणं. दर वेळी टेप मागे गुंडाळत बसायला नको म्हणून एका कॅसेटवर त्यांनी तेच पुन्हापुन्हा भरून घेतलं होतं. हळद असो, गणपती असो, की कंपनीच्या गेटवरची आमची सभा. आधी ते वाजणार.

मी पत्रकांवर वाढले. बाबा युनियनचे. पाटीवर अक्षर गिरवण्याआधी मला पत्रकाची घडी घालता यायची. त्यामुळे "कामगार बंधूंनो" या शब्दांआधी तो धांगडधिंगा सुरू झाला की माझं डोकं फिरायचं.

"मामा, कंपनीत टाळेबंदी झालीय. लोकांच्या चुली विझायला आल्यात. नाच कसला लावता?"

"ताई, आवाज बसला का नाय ते माणसाच्या पायावरून कळतं. कान लय खोटं बोलतो."

आणि खरंच ते लोकांच्या पायांकडे बघत उभे राहत. शेजारच्या कंपनीतून शिफ्ट सुटून येणाऱ्या कुणाची तरी चप्पल ठेक्यावर हलली, की बटण जरासं मागे फिरवून म्हणत, "बसला."

बाबांकडे तक्रार केली तर ते हसायचे. "लावू दे गं त्याला. गाण्याला थांबतात, तेच मग मला ऐकतात." म्हणजे वीस वर्षांचा लढा एका उडत्या गाण्याच्या आधाराने उभा! मला हे पटणं शक्यच नव्हतं. बरं, गाणं जुनंही होईना. यंदा तरी लोक कंटाळतील म्हणून मी दर वर्षी वाट बघायची. शाळेच्या गॅदरिंगला त्यावर नाचलेली पोरं पुढे स्वतःच्या हळदीतही त्यावरच नाचली.

शेवटी मीच त्याचा निकाल लावायचं ठरवलं. कॅसेट कुणी पुसू नये म्हणून मामांनी तिच्या कडेचा तुकडा मोडून ठेवला होता. तो मोडला की टेपवर दुसरं काही भरता येत नाही. एका सभेत ते खांबावर कर्णा बांधत असताना मी त्या भोकात आमच्याच पत्रकाची घट्ट घडी कोंबली, टेप रेकॉर्डवर टाकला गाण्यावर बाबांचं भाषण भरलं आणि टेप मागे गुंडाळून ठेवला.

चारच दिवसांनी एका हळदीत मामांनी नेहमीप्रमाणे बटण दाबलं. अंगभर हळद, हात वर केलेला नवरदेव, आणि कर्ण्यातून बाबा: "कामगार बंधूंनो, मालकाला आपण स्पष्ट सांगितलं आहे..."

"मामा, नवरदेव संपावर गेला काय!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. मामांची पार शोभा झाली.

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. मी भांडायच्या तयारीत उभी होते. मामांनी खिशातून कॅसेट काढली, भोकातली घडी नखाने उपसली आणि ती घडी माझ्या हातावर ठेवली.

"माझं गाणं शालिमारच्या दुकानांत कुठंबी भरून मिळतं. मिळालंबी. ही मातर आता पुसायची नाय."

कॅसेट त्यांनी परत खिशात घातली.

कंपनी पुन्हा उघडली नाही. काही वर्षांनी बाबा गेले. शोकसभेला मामा स्पीकर घेऊन आले, तेव्हा मी सभागृहाच्या दारातच त्यांना अडवलं. "मामा, आज तरी ते गाणं नको."

"नाय लावत, ताई." त्यांनी तीच कॅसेट घातली.

बाबा बोलू लागले. त्यांचा आवाज आता तेवढ्या एका कॅसेटवर उरला होता. "एकजुटीचा विजय असो" झालं, आणि माझं रेकॉर्डिंग जिथे संपलं होतं तिथून, अर्ध्या ओळीतून, ते गाणं उसळून बाहेर आलं. मी भाषणापुरतंच पुसलं होतं. मामांचा हात डोळ्यांशी होता, बटणाशी नव्हता.

ते दचकून टेपकडे धावले. मी मान खाली घातली, तर पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या कामगारांच्या चपला हलत होत्या. ते गाणं मला आजही आवडत नाही.

"राहू द्या, मामा," मी म्हणाले.

मामांनी माझ्या पायांकडे पाहिलं. बटण जरासं मागे फिरवलं.

"बसला," ते म्हणाले.