मावशीच्या दोन वाट्या

माझ्या मावशीनं उभ्या आयुष्यात एकदाच मटणाचा रस्सा खाल्ला, आणि तो तिच्या ताटापर्यंत मीच नेला होता. पुढं तिला ते सांगितलंही मीच. दोन्ही कामं मी न विचारता केली.

आमचं घर लिंगायताचं, शिवाजी पेठेत. आषाढात गल्लीची जत्रा असे. त्या दिवशी चुलीवर मटण नाही असं घर शोधायला निघालं तर आमचंच सापडायचं. आम्हा पोरांना चुकल्याचुकल्यासारखं वाटू नये म्हणून शेजारच्या काकू भल्या सकाळी, मटण घरात यायच्या आत, अंघोळ करून वेगळ्या शेगडीवर आमचा वेगळा पांढरा रस्सा करत. खोबऱ्याचं दूध, तीळ, खसखस, मिरी, वेलदोडा, सगळं त्यांच्या रश्श्यातलंच. फक्त मटणाच्या पाण्याऐवजी साधं पाणी. तो किटलीत भरून झाकणावर बेलाचं पान ठेवत. "तुम्ही म्हादेवाची माणसं," म्हणायच्या. ते पान दिसलं की आई डोळे झाकून वाढायची.

मी आठवीत होते त्या वर्षी मावशी आमच्याकडं राहायला आली होती. आईची थोरली बहीण, गडहिंग्लजला दिलेली. फाल्गुनात तिचे यजमान गेले. मूलबाळ नव्हतं, म्हणून आई तिला बळंच घेऊन आली. तिचं जेवणच सुटलं होतं. सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, ताटावर बसायची, चतकोर भाकरी मोडायची आणि उठायची. अंगावर लुगडं ठरेना. आईनं तिच्या माहेरच्या आवडीचं सगळं करून बघितलं. डॉक्टर म्हणाले, औषध कशाला देऊ, जेवायला लावा. तेवढंच तर आईला जमत नव्हतं.

जत्रेच्या दुपारी मी किटली आणायला गेले. काकूंच्या पुढच्या सोप्यात एकसारख्या दोन किटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या आणि बेलाचं पान दोन्हींच्या मधे जमिनीवर पडलेलं. काकू मागं परड्यात पाहुण्यांच्या हातावर पाणी घालत होत्या. हाक मारून विचारायला हवं होतं. पण विचारायचा मला लहानपणापासून कंटाळा, आणि आपल्याला सगळं कळतं ही समजूत पक्की. मी पान उचललं, जवळच्या किटलीवर ठेवलं आणि निघाले. ती किटली दुसऱ्या गल्लीतल्या त्यांच्या बहिणीसाठी भरलेली होती. वास यायला हवा होता म्हणाल, तर त्या दिवशी अख्ख्या पेठेलाच मटणाचा वास असतो.

आईनं मावशीला आधी वाढलं. मावशीनं वाटी तोंडाला लावली आणि थांबली. आता खाली ठेवणार असं मला वाटलं. पण ती म्हणाली, "लई गोड झालाय गं," आणि भाकरी कुस्करायला लागली. पहिली वाटी संपवून तिनं दुसरी मागितली. स्वतःहून मागितली. आईचा भाकरी थापणारा हात तिथंच थांबला.

तेवढ्यात काकू दारात आल्या. हातात दुसरी किटली, चेहरा पांढराफटक. मावशीची दाराकडं पाठ होती. काकूंनी न बोलता किटली वर करून दाखवली. आईनं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, मग मावशीच्या वाटीकडं. दुसरी वाटी निम्मी राहिली होती. आईनं पिठाचा हात वर केला, पण तो काकूंच्या दिशेनं, थांबा म्हणून. काकू उंबऱ्याशी तशाच उभ्या राहिल्या. मावशीनं भाकरीच्या तुकड्यानं वाटी पुसून खाल्ली. हात धुताना म्हणाली, "ते गेल्यापासनं आज जेवले बघ."

काकू आईला परड्यात घेऊन गेल्या आणि रडायला लागल्या. "माझ्या घरातनं पाप घडलं," म्हणाल्या.

"तिचं पोट भरलं," आई म्हणाली. "कुणी कुणाला बोलायचं न्हाय." मग माझ्याकडं वळून, "तूबी."

त्या दिवसानंतर मावशी खरंच जेवायला लागली. अर्धी भाकरी, मग एक, मग वर भात. श्रावणात ती अंगणात बायकांशी बोलत बसलेली दिसू लागली. आपल्या माणसाच्या जिवाला आता शांती मिळाली असणार, म्हणून आपल्याला अन्न जातंय, असं ती सांगायची. दोनदा तिनं काकूंकडून रस्सा मागून घेतला. "त्या दिवसासारखा न्हाय झाला," म्हणाली. "खोबरं जून असंल," काकू मान खाली घालून म्हणाल्या.

दिवाळीनंतर मी एका मैत्रिणीकडं आम्लेट खाल्लं. चुकून वगैरे नाही, चांगलं मागून खाल्लं. मावशीला कुठून तरी कळलं आणि तिनं मला सकाळपासून धारेवर धरलं. गळ्यात लिंग बांधणाऱ्यांच्या घरात जन्मून जिभेला ताबा नाही, घराला बट्टा लावलास, बरंच काही. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असायचा, अजूनही असतो. मी म्हणाले, "अंड्याचं काय घेऊन बसलीस? जत्रेला दोन वाट्या मटणाचा रस्सा खाल्लायस तू. आईला विचार."

मावशीनं आईकडं बघितलं. आई मेथी निवडत होती. पोरगी खोटं बोलतेय असं ती म्हणाली असती, तर मी मार खाल्ला असता आणि सगळं निभावलं असतं. आईनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"तुला कवा कळलं?" मावशीनं विचारलं.

"तू दुसरी वाटी खात हुतीस तवा."

मावशीचा हात गळ्यातल्या लिंगाकडं गेला आणि मधेच थांबला. हात लावायचं तिला धाडस होईना. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती गडहिंग्लजला गेली. आमच्या घरातलं पाणीसुद्धा न घेता गेली.

आई मागोमाग गेली. तिला जंगमांकडं, आमच्या गुरूंकडं घेऊन गेली. अजाणता झालं त्याला दोष नाही, असं ते म्हणाले. त्यांनी विधी करून लिंग पुन्हा तिच्या हातात दिलं. मावशीनं ते गळ्यात बांधलं. जेवण मात्र चतकोर भाकरीवर आलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईबरोबर तिच्याकडं गेले, पाया पडले, चुकलं म्हणाले. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तुझ्यावर राग नाही, म्हणाली. मग मी विचारलं, जंगम दोष नाही म्हणतात, तर तू जेवत का नाहीस?

"खाल्लं ते माफ झालं असंल," ती म्हणाली. "पर मला बरं वाटलं हुतं गं. मला वाटलं त्यांच्या जिवाला शांती मिळाली. ती शांती न्हवती, मटण हुतं. आता भूक लागली की भ्या वाटतं मला."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

आईनं मला त्याबद्दल कधी एका शब्दानं बोल लावला नाही. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. माझं लग्न झाल्यावर एकदा धीर करून मी तिला विचारलं, काकूंना दारात बघितल्यावर तू मावशीला थांबवलं का नाहीस?

"ती मागून खात हुती," आई म्हणाली.

मी खोटं बोलले नव्हते, एवढं एकच माझ्या बाजूनं सांगता येतं. पण तेवढंही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.