बाबांनी सुधारलेली रायफल

शहाण्णव साली ग्रीन कार्ड हातात आलं आणि चँडलर शहरातल्या ऑफिसच्या मित्रांच्या नादाने मी दुकानातली सगळ्यात स्वस्त रायफल उचलून आणली. बायको म्हणाली, घरातल्या विळीला धार लावायला वेळ नाही आणि निघाले नेमबाज. तिचं काही चुकलं नव्हतं. वाळवंटातल्या रेंजवर माझ्या गोळ्या टार्गेट सोडून सगळीकडे जायच्या.

त्या हिवाळ्यात बाबा सहा महिन्यांसाठी आले. ते एका सरकारी शस्त्र कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर रायफलींचे भाग कानशीने घासले, पण एकही गोळी कधी झाडली नाही. चाचणी साहेब लोक घ्यायचे. कामगाराने चाप ओढायचा नाही, असा नियम. बाबांची त्याबद्दल तक्रार नसायची, म्हणून मलाच ते जास्त लागायचं. परत जायच्या आत त्यांच्या हातून एक तरी गोळी सुटावी, एवढं मी मनाशी धरलं होतं.

माझी रायफल पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. हिला पास कोणी केलं, म्हणाले. मग गॅरेजमध्ये त्यांचा कारखाना सुरू झाला. आधी लाकडी दस्ता आठवडाभर पॉलिश पेपरने घासून त्याला जवसाचं तेल पाजलं. पुढच्या महिन्यात सैल स्क्रू बदलले आणि खांद्याला धक्का बसू नये म्हणून दस्त्याच्या बुडाला माझ्या जुन्या स्लिपरचं रबर बसवलं. मग नेम धरायला रायफलवर सेकंडहँड दुर्बीण आली. दर शनिवारी मी गोळ्या झाडायचो आणि ते मागे उभं राहून चुका काढायचे. माझा नेम खरंच सुधारला. पण आता तुम्ही मारा म्हटलं, की अजून खांद्याचा पट्टा व्हायचाय, अजून दुर्बीण एक केसभर तिरकी आहे, हेच उत्तर. रायफलचं काम संपेना आणि परतीच्या तिकिटाची तारीख तर जवळ आली.

शेवटच्या शनिवारी करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. त्यांनी सवयीने रायफल माझ्यापुढे केली. मी हात मागे बांधले.

"आज तुम्हीच फायर करा, बाबा. नाहीतर घरी जाऊ."

बाबा इकडेतिकडे पाहायला लागले. परवानगी कोणाची घ्यायची, ते शोधत होते. रेंज सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या गोऱ्याने त्यांची नजर पाहून खुशाल मान डोलावली. बाबा बाकावर बसले, चष्मा पुसला, पुन्हा एकदा पुसला आणि चाप ओढला.

टार्गेटच्या पार कोपऱ्यात, गोलांच्या बाहेर भोक पडलं. माझ्याहून वाईट नेम. बाबा खुदकन हसले. त्यांना असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग ज्या माणसाने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं, त्याने हळूच विचारलं, "अजून एक मारू का रे?"

खोक्यात एकोणपन्नास गोळ्या उरल्या होत्या. त्या संपेपर्यंत रायफल काही मला परत मिळाली नाही.